भिकूचा म्हाळ

महाड
२४ जून २०२५

ती. गं. भा. चंद्रामावशीस,
दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र गणूदादाच्या मिनीडोरमधून येईल. फोन मुद्दामच करत नाही. तुमच्या वाडीत रेंज मिळते ती फक्त तुझ्या दिराच्या, भरतकाकांच्या ओटीवर. तिथे फोन केला की तू चार शब्द बोलतेस आणि काकू चाळीस. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं सातवीपर्यंतचं अक्षरही कामाला येतं!

माझं नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू झालं. यंदा दर रविवारी सकाळी आमचा रस्त्यावरचा दवाखाना असतो. ज्यांना घर नाही ती माणसं दवाखान्यात येत नाहीत, आली तर वॉचमन हाकलतो. म्हणून आमच्या निशा मॅडम आणि एक डॉक्टर आम्हा पोरांना घेऊन त्यांच्याकडे जातात. स्टँडमागचे बंद गाळे, मासळीबाजार, पुलाखालची जागा. मॅडमचा नियम असा की पहिल्या दिवशी जखमेला हात लावायचा नाही. त्यांच्यापेक्षा खाली बसायचं आणि पाय धुवायचे. ज्याचे पाय धुतले तो वर्षभर तुमचा रुग्ण. त्याला तुम्ही नको असाल तर तो नाही म्हणू शकतो. तुम्हाला मात्र नाही म्हणता येत नाही.

माझ्या वाट्याला चार नंबरच्या गाळ्यासमोरचा माणूस आला. छातीपर्यंत दाढी, नाव सांगत नाही, म्हणून वहीत नुसतं 'गाळा चार' लिहिलंय. टाचेत लिंबाएवढं भोक आणि त्यात अळ्या. खरं सांगू? मी गाळ्यामागे जाऊन ओकले, चूळ भरली आणि मग येऊन धुतले. साखर भयंकर वाढलेली आहे. बोलतो मात्र तुमच्याकडच्यासारखा. वर पोलादपूरकडं लावणी लागली काय, एवढंच त्याने विचारलं. मी मुंबईत वाढलेली, मला काय ठाऊक!

गंमत पुढे आहे. दुसऱ्या रविवारी मी बांधलेली पट्टी त्याने सोडली आणि आपल्या हाताने परत बांधली. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे, म्हणून सगळं डाव्या हाताने. टोक दुमडून गाठ घातली आणि तिच्यात गवताची काडी खोचली. काडी ओढली की अख्खी गाठ मोकळी. तुमची गाठ कात्रीशिवाय सुटत नाय, वर असं मलाच सुनावलं. आमच्या वर्गातला एकुलता एक मुलगा अश्विन तासभर ती गाठ शिकत बसला होता. आता आम्ही सगळे तशीच पट्टी बांधतो.

तुझी कंबर कशी आहे? काकू अजून तुला पडवीत शेळ्यांजवळच झोपवतात का? मला राग येतो, पण तू बोलू देत नाहीस.

लोभ लोणच्यासारखा मुरू दे, फक्त झाकण उघडं ठेवू नकोस.

तुझी,
दर्शना

*

वरची वाडी, पोलादपूर
२९ जून

चि. दर्शना हिला मावशीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचा भात करपला. जाऊ वराडली तरी मी उठले नाय. पत्र चार वेळा वाचलं गो.

पोरी, ती काडीची गाठ या मुलखात एकच माणूस बांधायचा. भाताचा भारा तो बांधायचा, मी डोक्यावर घेऊन खळ्यात आणायची आणि काडी ओढायची. भारा आपसूक सुटायचा. माझ्या मनगटात जोर कमी म्हणून त्यानं ती गाठ काढली होती. त्याचं बोट गिरणीच्या पट्ट्यात गेलं तेव्हा मीच लुगडं फाडून बांधलं होतं. डाव्या कानामागं चामखीळ हाय का बघ. असली तर तो तुझा गाळा चार नाय, तुझा काका हाय. माझा नवरा भिकू. तू त्याला बघितलास तेव्हा लहान होतीस, वळखणार कशी.

तू म्हणशील मावशीला याड लागलं. तुला बारकं काय सांगितलंच नव्हतं, आता ऐक. तीन वर्षांमागं आमचं भांडण झालं. तो ट्रकवर क्लीनर म्हणून जातो बोलला, मी बोलले जा, परत तोंड दाखवू नको. गेला तो गेला. दिवाळीनंतर कशेडी घाटात त्याचा ट्रक जळला. ड्रायव्हर पळून गेला, आत एक मडं सापडलं. भरत बघायला गेला. मडं वळखू येण्यासारखं नव्हतं, तरी हा एक नजर टाकून बोलला की हा माझाच दादा. तिथंच जाळून आला. बाराव्याला जावेनं माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या. एवढी घाई की मनगटाला कापलं. मग घर भरतचं, शेत भरतचं, आणि मी माझ्याच शेतात मजुरीनं लावणी करते. पडवीत शेळ्या हायत म्हणून ऊब तरी मिळते.

दर वरसाला पितरपाटात भरत त्याचा म्हाळ घालतो. अख्खी वाडी जेवते, भरतचं नाव होतं. यंदा त्याला पंचायतीला उभं राहायचं हाय, म्हणून चौदा सप्टेंबरला मांडव घालून म्हाळ हाय.

तो भिकू असला तर त्याला बरा कर. माझं नाव सांगू नको. तुझ्या आईलाबी सांगू नको, ती भरतच्या ओटीवर फोन करून रडंल. माझ्या पोटात आग पडलीय, ती अशी तशी विझायची नाय.

जीव लावलास तसाच लावत राहा, पन तोंड बंद ठेव.

तुझी मावशी,
चंद्रा

*

महाड
१५ जुलै

ती. चंद्रामावशीस,
सा. न. वि. वि.

वरती गं. भा. लिहायला हात धजला नाही आणि सौ. लिहायचं धाडसही झालं नाही.

चामखीळ आहे.

मी निशा मॅडमना सगळं सांगितलं. आधी त्यांनी मला असं झापलं की विचारू नकोस. रुग्णाची गोष्ट पत्रातून बाहेर गेलीच कशी, उद्या तुझ्यामुळे एखाद्याचा जीव गेला तर, वगैरे. मी रडले. मग त्याच म्हणाल्या की त्याच्याशी खोटं वागायचं नाही, तू कोण ते त्याला सांग. घरी जायचं की नाही हे तो ठरवेल. तू नाही आणि तुझी मावशीही नाही. तुझा निरोप मोडला त्याबद्दल तू मला शिव्या दे, पण मी सांगितलं.

मावशी, तो भ्यायला. आम्ही त्याला घरी नेऊ म्हणून नाही, तुझ्याजवळ नेऊ म्हणून. ट्रक जळाला त्याच्या आधी तो खेडला ड्रायव्हरशी भांडून उतरला होता, त्याच्या जागी दुसराच कुणी चढला. हा मिळेल ते काम करत हिंडला आणि चैत्रात वाडीवर आला. पाणवठ्याच्या वर त्याला पहिल्यांदा भेटले ते भरतकाका.

काकांनी त्याला सांगितलं की तुझं बारावं झालंय. ज्याचे दिवस झाले तो जिता परत आला आणि त्याची सावली घरावर पडली तर वर्षाच्या आत बायको जाते. मग करवंदीच्या जाळीआडून बोट दाखवलं. खाली तू दोन हंडे घेऊन चढत होतीस. कपाळ मोकळं, हात मोकळे. ती जिती आहे ती तशीच राहू दे, असं काका म्हणाले. आणि हा मागे वळला. तेव्हापासून महाडात आहे. तुझ्यापासून एसटीने तासाभरावर.

मला इतका संताप आला की मी पट्टी जरा जास्तच आवळली. अश्विनने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मला भरतकाकांना त्या मासळीबाजारातल्या गटारात बसवायचंय, एक दिवस, उघड्या जखमेसकट. नर्सने असं लिहू नये, पण लिहिलं.

त्याच्या पायाची करंगळी काळी पडली आहे. ती काढावी लागेल असं डॉक्टर म्हणतात. नाहीतर पाय जाईल. तो नको म्हणतोय.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिही.

दर्शना

*

वरची वाडी
२१ जुलै

चि. दर्शना,
आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाय. तू सांगितलंस ते बरंच केलंस. नायतर मी कुणावर रागवायचं तेच चुकले असते.

भरतनं त्याला एकदा मारला. पाणवठ्यावरून मागं फिरला तेव्हा तो सोताच्या हातानं दुसऱ्यांदा मेला. मी त्या दिवशी हंडे घेऊन चढत होते, मला आठवतंय, कारण वाटेत काटा भरला आणि काढायला कुणी नव्हतं. आणि हा मुडदा जाळीआडून बघत होता! मला दोघांचंबी उट्टं काढायचं हाय. आधी भरतचं, मग त्याचं.

त्याला माझा निरोप सांग. सावली पडली तर मी मरंन म्हणतोस, मग हे तीन पावसाळे मी काय जगत होते काय? आणि सांग की म्हाळाच्या पानावर जाऊ दर वरसाला लाल भोपळ्याची भाजी वाढते. त्याला भोपळा समोर आला तरी मळमळायचं. भोपळा भरतला आवडतो. आणि भरत सगळ्या वाडीसमोर डोळे पुसून बोलतो की दादाला भोपळा लई आवडायचा. मी कोपऱ्यात बसून ऐकते. त्याला विचार, मेल्यावरबी भोपळाच खाणार काय?

गणूकडं एक पुरचुंडी दिलीय. माझ्या बांगड्यांचे तुकडे हायत, मी डब्यात जपले होते. गाठ त्याचीच बांधलीय. त्याच्या हातात दे आणि काडी ओढू दे.

बोट कापायला बोलले तर काप. चौदा सप्टेंबरला तो सोताच्या पायानं मांडवात यायला पायजे. खांद्यावरून नको. खांद्यावरून एकदा पोचवलाय त्याला. दाढी काढा, मिशी ठेवा. वाडीनं वळखला पायजे.

तुझ्या मॅडमना नमस्कार सांग. बाई कडक हाय, पन सरळ हाय.

आठवण काढत जा, मी इथं दात खात बसलेय.

चंद्रामावशी

*

महाड
११ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुरचुंडी मी त्या रविवारीच दिली होती. त्याने गाठ बघितली आणि काडी ओढली. तुकडे त्याच्या मांडीवर सांडले. भोपळ्याचा निरोप सांगितला तेव्हा त्याला आधी हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना. दुपारपर्यंत तो तसाच बसून होता, उन्हात. मग त्याने मला विचारलं की बोट काढलं तर चौदा तारखेपर्यंत चालता येईल का.

करंगळी काढली. जखम भरून आली आहे, टाचेचंही भोक बुजत आलंय. अश्विनने परवा दाढी केली आणि मिशीला तेलही लावलं. आम्ही सगळ्यांनी मिळून मऊ तळव्याची चप्पल घेतली. मॅडमनी त्याला तीनदा विचारलं की तुला खरंच जायचंय का, कुणाच्या रागापायी तर जात नाहीस ना. तो म्हणाला की राग तिचा हाय, पाय माझे हायत.

रविवारी माझी प्रॅक्टिकल परीक्षा आहे, येता येणार नाही. कपाळ माझं! गणूदादा त्याला घेऊन येईल. स्टँडवर त्याला बघून गणूदादाचा चहा सांडला. त्याने म्हणे तिरडीचा पुढचा बांबू धरला होता. घाटात जळालेल्याची तिरडी कुठली असं मी विचारलं, तर म्हणाला की पेंढ्याची केली होती, रीत म्हणून.

आता नीट ऐक. पट्टी रोज बदलायची. पाणी उकळून गार केलेलं. हळद, लोणी, झाडपाला काहीही लावायचं नाही. गोळ्या वेळेवर. आणि खीर अजिबात नाही, म्हाळाची असली तरी नाही. त्या दिवसाचं एकूण एक लिहून पाठव. एवढं केलंस तर माझी परीक्षाही सुटेल.

दर्शना

*

वरची वाडी
९ ऑक्टोबर

चि. दर्शना हिला मावशीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

बस, आणि पाणी पिऊन मग वाच.

मांडव भरला होता. सरपंच होते, खालच्या वाडीची माणसं होती. भरतनं नवा सदरा घातला होता. पान वाढलं. वडे, अळू, खीर, आणि मधोमध भोपळ्याचा डोंगर. कावळ्याचं पान कौलावर ठेवलं. ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला, दर वरसासारखा. आमचे कावळे हावरे, त्यांना काय कोण मेला कोण जिता! भरतनं हात जोडले आणि बोलला की माझा दादा तृप्त झाला.

तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं आवाज आला की दादा सकाळधरनं उपाशी हाय, कावळ्यानं खाल्लं ते त्याला पोचलं नाय, दुसरं पान वाढा.

पोरी, तुला काय सांगू! जिजीआजी बसल्या जागी आडवी झाली. पोरं किंचाळली. सरपंच खुर्चीवर उभे राहिले. वाडीतले जुने श्रीपततात्या तेवढे पुढं झाले, वाकले आणि भिकूचे पाय बघायला लागले, भुताचे पाय उलटे असतात ना म्हणून. पाय सरळ होते. एकाला तुझी पांढरी पट्टी, नि पट्टीला काडी खोचलेली.

मी कोपऱ्यातून उठले. तीन वरसांत त्या मांडवात मी पहिल्यांदा मधी आले. जावेनं पदर ओढला, मी तो तिच्या हातातून सोडवून घेतला. भिकूच्या पायाशी बसले आणि सगळ्यांच्या देखत काडी ओढली. पट्टी सुटली. वाडीत असा एक माणूस नाय ज्यानं ती गाठ खळ्यात बघितली नाय. कुणी काय बोलायची गरजच राह्यली नाय.

मग मी भरतला विचारलं की कशेडीत तू कुणाच्या आईचं लेकरू जाळलंस? तीन वरसं कुणाच्या नावानं माझी वाडी जेवली? पाणवठ्यावर तुला कोण भेटलं होतं ते सांगतोस की मी सांगू? भरत मांडवाच्या खांबाला धरून उभा. त्याची बायको बोलली की यांनीच दादांना परत धाडला, मला काय ठाऊक नव्हतं. दोन ओळींत नवरा विकून मोकळी झाली गो. मला काय वाईट वाटलं नाय, खोटं कशाला बोलू. मला गोड लागलं. खिरीपेक्षा गोड. खीर मी भिकूच्या पानातून उचलून घेतली होती, डॉक्टरीण बाईंचा हुकूम! भोपळा मात्र मी भरतच्या पुढं सरकवला आणि सगळं पान संपेपर्यंत उठू दिला नाय. श्रीपततात्या शेजारी काठी घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सरपंच भरत नि भिकूला घेऊन पोलादपूरला पोलिसांत जबाब द्यायला गेले. कागदाचं काय व्हायचं ते होईल. वाडीच्या बैठकीत ठरलं की भरतनं घर आणि शेत सोडायचं. आणि माझं म्हणणं मान्य झालं की तो जळालेला बिचारा जो कुणी होता, त्याचा म्हाळ जन्मभर भरतनंच घालायचा, मांडवाशिवाय, सोताचं नाव न मिरवता. त्याच्या माणसांचा तपास लागला तर त्यांच्या पाया पडायला जायचं.

आता दुसरं उट्टं.

खालचे भटजी बोलले की ज्याचे दिवस झाले तो परत आला तर त्याला नव्यानं जन्माला घालावा लागतो. तुपाच्या पाण्यानं आंघोळ, पाळण्यात नाव, आणि मग त्याच बायकोशी परत लग्न. पितरपाट सरला आणि वाडी तयारीला लागली. एवढा बाप्या पाळण्यात मावणार कसा, मग लुगड्याची झोळी बांधून तिच्यात त्याचा दुखरा पाय ठेवला. आत्या नाय, म्हणून नाव ठेवायला मी जावेलाच बसवली. जिनं माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या तिनं माझ्या नवऱ्याच्या पायाला झोका दिला, सगळ्या बायकांच्या देखत. आवाज फुटत नव्हता तिचा. मी दोनदा मोठ्यानं म्हणायला लावलं.

मग भटजींनी लग्नाची तारीख काढली. मी बोलले की थांबा. तुमच्या रीतीनं तो आता नवा जन्मलाय, मग मीबी नवी. पहिलं लगीन तुम्ही माझ्या मनगटावर फोडलंत. नव्या पोरीला विचारायची पद्धत हाय की नाय? मला कुणी विचारलं? भिकूनं खाली बघितलं.

तर आता मी पुढच्या घरात राहते, चुलीजवळ, आणि तो पडवीत शेळ्यांसोबत. रोज सकाळी मी त्याचे पाय धुते, तुझ्या मॅडमच्या रीतीनं, खाली बसून. पट्टी बदलते. हळद लावत नाय. त्याला तिथं बोलायची मनाई हाय. पोह्यांना मात्र तो रीतसर येतो, श्रीपततात्यांना घेऊन, टोपी घालून. मी एकच विचारते की पाणवठ्यावरून का फिरलास. तो सांगतो की तू मरशील म्हणून. मी नाय म्हणते आणि कपबशी उचलते. काल तिसऱ्यांदा आला. किती वेळा नाय बोलणार, असं त्यानं तात्यांकरवी विचारलं. मी बोलले की मी तुझ्याविना तीन पावसाळे काढले, तू माझ्या पडवीत एक तरी काढ.

पुढच्या पत्रावर गं. भा. लिहू नको आणि सौ. तर इतक्यात लिहूच नको. मी कु. हाय. गणू हसला तर हसू दे.

परीक्षेत पास हो आणि दिवाळीला ये. तुझा रुग्ण वर्षभर तुझाच हाय, त्याचे पाय तू पहिल्यांदा धुतलेस. तो नाय म्हणणार नाय, आणि तुलाबी म्हणता येत नाय.

तुझी मावशी,
कु. चंद्रा